डुक्कर फियाटच्या दाराची मोडकी बिजागरी: शोधायची कशी, दुरुस्त करायची कशी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी धुवायला काढली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडताना ‘कट्’ असा आवाज आला. दार हातातच कललं. वरच्या बिजागरीचं पान नळीपाशी तडकून दोन तुकडे झाले होते. गाडी १९५६ ची फियाट अकराशे, म्हणजे मुंबईकरांनी जिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं ती. माझ्या वडिलांनी ती जिवापाड जपली, आणि तिचं एकही दार भंगारात जाऊ द्यायचं नाही हे घरात ठरलेलं आहे. ती बिजागरी पुन्हा उभी करायला मला चार महिने लागले. त्यातले तीन महिने चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे गेले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी ही बिजागरी वेगळी का, ते सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून ही गाडी जोडायला घेतली. मूळ इटालियन गाडी १९५३ ची, इंजिन १०८९ सीसीचं. तिची पुढची दारं उलटी उघडतात. बिजागऱ्या मधल्या खांबावर आणि कुलूप पुढे, म्हणजे ज्यांना ‘सुसाइड डोअर’ म्हणतात तशी. मागच्या दारांच्या बिजागऱ्याही त्याच खांबावर, त्यामुळे एका खांबावर दोन दारांचं वजन येतं. पुढे आलेल्या डिलाइट आणि पद्मिनीची पुढची दारं सरळ उघडणारी आहेत. म्हणून पद्मिनीचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळत होते त्या काळातही डुक्करच्या दाराला त्यांचा उपयोग नव्हता. ‘पद्मिनीचा कब्जा (बिजागरी) बसेल की’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

उलट्या दाराचा धोकाही उलटा असतो. सरळ दाराचं कुलूप चालत्या गाडीत निसटलं तर वारा ते दार दाबून धरतो. उलटं दार वारा खेचून सताड उघडतो. त्यामुळे बिजागरी ढिली असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका, अगदी ‘कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत’ सुद्धा नाही. मिस्त्रीला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या.

नक्की काय मोडलंय, ते आधी ओळखा

बिजागरीचे तीन भाग धरून चला: दोन पानं (एक खांबाला, एक दाराला), पानांच्या टोकाच्या नळ्या आणि नळ्यांतून जाणारी पिन. दार साधारण एक वीत उघडा. एका हाताने दाराचा कुलपाकडचा खालचा कोपरा वर उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीवर ठेवा. दुसरा माणूस असेल तर त्याने टॉर्च धरावा.

पिन आणि नळी यांच्यात हालचाल जाणवली तर पिन झिजली आहे. पान खांबावर हलत असेल तर स्क्रू ढिले आहेत किंवा आतली आटे पाडलेली पट्टी गेली आहे. आणि पानासकट खांबाचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल तर गंज आतपर्यंत पोचलाय. मग बिजागरीचं काम नंतर, टिनकाम आधी.

थोडीशी ढिलाई टोकाला किती मोठी होते याचा हिशोब करून बघा. दोन बिजागऱ्यांतलं अंतर ४०० मिमी आणि दाराची रुंदी ९०० मिमी धरा. वरची अर्धा मिमी बाहेर आणि खालची अर्धा मिमी आत सरकली, तर कुलपाकडचं टोक सव्वादोन मिमी खाली येतं. तेवढ्याने कुलपाची जीभ नीट बसत नाही. मग लोक कुलूप घासत बसतात आणि दुखणं मात्र बिजागरीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: मोडली का? माझ्या बिजागरीची पिन गंजून नळीत घट्ट बसली होती. दार उघडताना पिनेभोवती फिरायच्या ऐवजी पान दर वेळी किंचित वाकत होतं. वर्षानुवर्षं वाकून वाकून ते थकलं. त्यात आधी एका गॅरेजमध्ये दार ‘सरळ’ करायला बिजागरीपाशी लाकडाचा ठोकळा ठेवून दार दाबलं होतं. पत्र्याच्या वाकवलेल्या बिजागरीला हा उपाय चालून जातो, ओतीव बिजागरीत त्याने बारीक तडा पडतो. तुटलेल्या जागेकडे भिंगातून बघा. तड्याचा काही भाग काळा-तपकिरी आणि उरलेला चकचकीत राखाडी दिसला, तर काळा भाग जुना आहे. माझ्या पानात दोन तृतीयांश भाग काळा होता. म्हणजे खंडेनवमीला मोडलेली बिजागरी कित्येक वर्षं आधीच मोडायला लागली होती. एका दाराची मोडली की बाकीच्या तीन दारांच्या पिनाही तपासा, त्या त्याच पावसात भिजलेल्या असतात.

दार उतरवणं

स्क्रूला हात लावण्याआधी पानांच्या कडांभोवती अणकुचीदार सुईने बारीक रेघ मारा, खांबावरही आणि दारावरही. ही रेघ म्हणजे दाराची मूळ जागा. फोटो काढाच, पण फोटोवरून अर्धा मिमी मोजता येत नाही, रेघेवरून येतो. दाराभोवतीच्या फटीची चार-पाच ठिकाणी मापं घेऊन कागदावर लिहा.

दाराखाली ट्रॉली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जुनी गोधडी. दार जास्त उघडू नये म्हणून लावलेला पट्टा आधी सोडा. काम दोघांचंच आहे, एकट्याने करू नका. दार घसरलं तर पत्रा आणि पाय दोन्ही जातात.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे सीएसके (डोकं पानात बुडणारे) स्क्रू सहजी निघत नाहीत. डोक्यातला रंग टोकदार सुईने पूर्ण खरवडून काढा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ थेंब-थेंब सोडा. (ॲसिटोन पेट घेतं आणि रंग उतरवतं, म्हणून ड्रॉपरने, नेमकं स्क्रूवरच.) स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला थोडी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, टोक घसरत नाही. मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या झटक्याने मोडतो तो गंज. लांब पान्ह्याच्या जोराने मोडतो तो स्क्रू. गॅसची ज्योत शेवटचा पर्याय, कारण खांबामागे कापड, रबर आणि कधी कधी वायरिंग असतं.

शेवटचा स्क्रू काढण्याआधी एक काळजी घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत आटे पाडलेली जाड पट्टी खांबाच्या आत मोकळी ठेवलेली असते. स्क्रू निघाला की ती पोकळीत पडते. एका भोकातून तार ओवून ती बाहेर बांधून ठेवा. माझी पडली. चुंबक दोरीला बांधून ती वर काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

गाडी इटालियन, म्हणजे आटे मेट्रिक. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘अडीच सुताचे’ स्क्रू हाताला लागतील तसे मारलेले आढळतात. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. ८ मिमीच्या भोकात तो दोन-तीन आटे जातो आणि अडकतो, मग जोर लावून आटे मारले जातात. आट्यांचा गेज लावून बघा. बिघडले असतील तर ८ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा, फारच गेले असतील तर पट्टी नवी करा.

धातू कोणता, हे कळल्याशिवाय वेल्डरकडे जाऊ नका

इथे सगळ्यात जास्त जुन्या बिजागऱ्या कायमच्या वाया जातात. वेल्डर धातू न विचारता काडी लावतो आणि चिर शेजारी सरकते.

चुंबक लावा. चिकटला नाही आणि वस्तू पितळी रंगाची असेल तर पितळ किंवा गनमेटल, क्रोमखाली हे खूपदा असतं. चिकटला नाही आणि तुटलेली जागा फिकट राखाडी, दाणेदार असेल तर मझॅक, म्हणजे जस्ताची मिश्रधातू. मझॅक ४०० अंशांच्या आतच वितळतो. तो वेल्डिंगला नेऊच नका, तोच भाग पोलादात नवा करा.

चुंबक चिकटला तर कानशीने आडोशाच्या जागी घासा. भुकटी पडली तर बीड (ओतीव लोखंड), छोट्या वळ्या निघाल्या तर पोलाद. मग ग्राइंडरला हलका टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या, टोकाला फुटणाऱ्या. बिडाच्या आखूड आणि लालसर. मधलं काहीतरी दिसलं तर ते मऊ केलेलं बीड असू शकतं. ते वितळवून जोडलं की जोडाशेजारी पुन्हा ठिसूळ होतं, त्यामुळे तिथे ब्रेझिंगच बरं.

शोध

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन आठवडे शोधाला द्या. दुरुस्त केलेल्या बिजागरीपेक्षा चांगली मूळ बिजागरी केव्हाही वरचढ.

शोधण्याआधी एक कागद तयार करा: पानाची लांबी-रुंदी-जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर, नळीचा बाहेरचा व्यास, पिनेचा न झिजलेल्या टोकाचा व्यास, पानापासून पिनेच्या मध्यापर्यंतची उंची. हे शेवटचं माप लोक विसरतात, आणि दार खांबाला घासणार की नाही ते याच मापावर ठरतं. डावी-उजवी, वरची-खालची, पुढची-मागची असं स्पष्ट लिहा. पट्टी शेजारी ठेवून समोरून आणि बाजूने फोटो काढा.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा सुट्या भागांचा बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. दुकानदाराला ‘डुक्करचा कब्जा’ असंच म्हणा. ‘विंटेज कारची हिंज’ म्हणालात की किंमत आधी वाढते आणि वस्तू नंतर शोधली जाते. तुटका तुकडा खिशात ठेवा, वस्तू बघितल्यावर जुन्या माणसाला जे आठवतं ते नावाने आठवत नाही. पूर्ण दार विकायला असेल तर घ्या. बिजागरी, पट्टा, कुलूप सगळं एकदम येतं आणि दुसऱ्या बाजूच्या दुरुस्तीलाही मापं मिळतात.

परदेशात शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही, कारण ही गाडी इटलीत अमाप विकली गेली. तिथे बिजागरीला ‘चेर्नियेरा’ म्हणतात आणि दाराला ‘पोर्ता’ किंवा ‘पोर्तिएरा’. पुढची ‘आंतेरियोरे’, वरची ‘सुपेरियोरे’, खालची ‘इन्फेरियोरे’, उजवी ‘देस्त्रा’, डावी ‘सिनिस्त्रा’. इटालियन शब्दांनी शोधलं की इंग्रजीत कधीच न दिसणारे विक्रेते दिसतात. तिकडे जुन्या भागांचे मोठे बाजार भरतात, त्यांना ‘मोस्त्रा स्कांबियो’ म्हणतात. इमोला आणि मिलानजवळच्या नोवेग्रोचे प्रसिद्ध आहेत. जर्मनीत हाइलब्रोनला हीच गाडी ‘नेकर’ नावाने बनत होती, तेही नाव घालून बघा. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची असली तरी दाराच्या बिजागरीला स्टिअरिंगच्या बाजूशी देणंघेणं नाही. उजव्या दाराची उजवीच लागते. पण विक्रेत्याकडून पिन हलवून दाखवणारा व्हिडिओ मागा, कारण तिथल्या पिनाही गंजलेल्या असतात.

मला दोन महिन्यांत खालची मिळाली, वरची नाही. म्हणून पुढचा भाग.

पिन काढणं आणि बुश बसवणं

पिन कोणत्या बाजूने ठोकायची हे नीट बघा. बऱ्याच पिनांच्या एका टोकाला बारीक खाचा असतात आणि त्या टोकाला व्यास किंचित जास्त असतो. तो भाग ज्या नळीत रुतलेला असतो त्या बाजूनेच पिन बाहेर निघते. उलट ठोकलीत तर नळी फुटते. खाली पोकळ पाइपाचा आधार द्या म्हणजे ठोक्याचा भार पानावर येत नाही. वर पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) वापरा. पोलादी नळी असेल तर गॅसने तेवढीच तापवा, पिन नको. तापवून थंड केल्यावर तेल सोडा आणि पुन्हा तापवायच्या आधी ते पूर्ण पुसा. दोन-तीन फेऱ्यांत पिन सैल पडते.

एका गोष्टीबद्दल जीव तोडून सांगतो. जुन्या स्क्रू-बिजागऱ्यांवर क्रोम, जस्त किंवा कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तो तापवला की निघणारी वाफ विषारी असते. कॅडमियमची तर जीवावर बेतते. आधी मुलामा काढून घ्या, उघड्यावर काम करा आणि मास्क घाला.

पिन निघाली की व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा. माझी पिन टोकाला ८ मिमी आणि मध्ये ७.४ होती. नळीचं भोक लंबगोल झालं होतं. अशा वेळी दोन मार्ग.

नळीची भिंत जाड असेल, म्हणजे भोक मोठं केल्यावरही निदान २ मिमी उरत असेल, तर बुश, म्हणजे भोकात बसवायची पातळ नळी. भोक १० मिमी करून १ मिमी भिंतीचा फॉस्फर ब्राँझचा बुश प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट, बसवा (बुशचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी जास्त), मग आतून रीमर (भोक नेमक्या मापाला गोल करायचं हत्यार) मारून पिन ०.०३ ते ०.०५ मिमी मोकळी ठेवा. बुश फक्त फिरणाऱ्या नळीत घालायचा. स्थिर नळीत पिन घट्टच हवी, नाहीतर पिन दोन्हीकडे फिरते आणि दोन्हीकडे झिजते. नळीची भिंत पातळ असेल तर बुशचा हट्ट सोडा, भोक ८.५ मिमीला रीम करून तेवढी पिन करा. पिन ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) किंवा सिल्व्हर स्टीलची चांगली. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट कापून पिन करू नका, त्याच्या आट्यांच्या कडा ब्राँझ खातात.

ड्रिलने पाडलेलं भोक गोल नसतं, शेवटचा हात रीमरचाच. आणि सगळ्या नळ्या जोडून, एका रेषेत, एकाच वेळी रीम करा. वेगवेगळ्या रीम केल्या तर पिन जाते, पण फिरवताना जड लागते, आणि जड पिनेनेच तर ही सगळी गोष्ट सुरू झाली होती.

तडा आणि तुटलेलं पान

पोलादी पान असेल तर तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही. दोन्ही बाजूंनी ‘व्ही’ कापा आणि टिग वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या वेळी नळीत जुनी पिन घालून ठेवा आणि पान जाड प्लेटवर स्क्रूच्याच भोकांतून बोल्टने आवळा. तसं न केल्यास उष्णतेने पान एक-दोन अंश फिरतं आणि दाराच्या टोकाला त्याचे सेंटिमीटर होतात.

बीड असेल तर पितळी काडी आणि टाकणखार घालून ब्रेझिंग करून घ्या. आख्खा तुकडा आधी सावकाश तापवा, जोडून झाल्यावर राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर गाडून ठेवा. घाईत गार केलेलं बीड दुसऱ्या दिवशी आपोआप तडकतं. हे मी करून बघितलं. जोड देखणा झाला, तरीही मी तो दाराला लावला नाही. वरची बिजागरी खांबापासून सतत ओढली जाते आणि बीड ओढ सोसायला कच्चं. खालची दाबली जाते, तिथे अशी दुरुस्ती मी स्वीकारली असती.

म्हणून वरची नवीन केली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका म्हाताऱ्या टर्नर मिस्त्रींना तुकडे दाखवले. त्यांनी ते जुळवून हातावर घेतले, बराच वेळ फिरवले आणि म्हणाले, “दादा, ओतू नका हे. ओतलं की आकसतंय. जुन्याचा साचा केलासा तर निघंल ती बारकी.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. ७५ मिमीच्या पानात पोलादाला दीड मिमीचा फरक पडतो आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. ओतायचंच असेल तर जुन्या तुकड्यावर पुट्टीचा थर देऊन तो वाढवावा लागतो, भोकं बुजवून नंतर पाडावी लागतात.

एक-दोन नगांसाठी ओतकाम परवडतही नाही. आम्ही ईएन-८ च्या ठोकळ्यातून मिलिंगवर पूर्ण बिजागरी कोरली, पान आणि नळी अखंड. त्याआधी थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची प्रतिकृती काढून खांबावर लावून बघितली. त्यात पिनेच्या मध्याची उंची ०.८ मिमी चुकल्याचं कळलं. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लास्टिकने पोलादाचा एक ठोकळा आणि मिस्त्रींचे दोन दिवस वाचवले. पान आणि नळी यांच्या मधल्या कोपऱ्यात मात्र मी मूळच्यापेक्षा मोठी गोलाई ठेवायला सांगितली, कारण जुनी नेमकी तिथेच तडकली होती. हा एकच बदल. बाकी सगळं मूळ आकाराचं.

मूळ आकार राखण्याला आता कायद्याचंही कारण आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा लागतो. दुसऱ्या गाडीची बिजागरी बसवायला मधला खांब कापणं म्हणजे बॉडी शेललाच हात. शिवाय या गाडीला वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडी उचलते. खांबाच्या बुडाचा गंज कापायचा असेल तरी आधी खालून आधार द्या आणि दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी पट्टी तात्पुरती वेल्ड करा. नाहीतर खांब सरकेल आणि मग कुठलीच बिजागरी जुळणार नाही.

दार परत चढवणं

कुलपाची समोरच्या खांबावरची पट्टी आधी पूर्ण काढून टाका. ती लावलेली असेल तर ती दार उचलून धरते आणि बिजागरी बरोबर बसल्याचा भास होतो. दार आधी मोकळं लटकवून बघा.

पानामागे ग्रीसचा पातळ थर द्या, स्क्रू अर्धे आवळा, रेघांवर पान जुळवा. टोक खाली लोंबत असेल तर खालच्या पानामागे पितळी शिम (पातळ पट्टी) घाला, म्हणजे दाराचा खालचा भाग खांबापासून दूर जातो आणि कुलपाकडचं टोक वर येतं. पाव मिमीपासून सुरुवात करा. टोक फार वर गेलं तर वरच्या पानामागे घाला.

उलट्या दाराची पुढची कड शेजारच्या पत्र्याच्या रेषेत हवी, किंवा केसभर आत. केसभर बाहेरही नको. बाहेर राहिली तर वारा तिला पकडतो, शीळ घालतो आणि पाऊस आत घेतो. हे जमल्यावरच कुलपाची पट्टी लावा, आणि दाराकडे बघून पट्टी हलवा, पट्टीकडे बघून दार नाही. कुलूप दोन टप्प्यांत लागत असेल तर दुसरा टप्पा प्रत्येक वेळी पडतोय ना, हे वीस वेळा उघडझाप करून ऐका.

मग पिनेवर इंजिन ऑइलचे दोन थेंब, आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. शंभर किलोमीटर चालवल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळा, पहिल्यांदा ते थोडे बसतातच. त्यानंतर वर्षातून दोनदा तेल, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा खंडेनवमीला. जुने दोन तुकडे मी फेकलेले नाहीत. तेलकट कागदात गुंडाळून, मापांच्या चित्रासह, डिकीत स्टेपनीशेजारी ठेवले आहेत. डाव्या दाराची पिनही जड व्हायला लागली आहे, या उन्हाळ्यात ती काढायची आहे.